खोबरेल, कोकमतेल आणि न दुखणारा चट्टा

आपल्या किनाऱ्यावरच्या घरात औषधांची पेटी नसली तरी तेलाची बाटली असतेच. नागाव-चौलच्या वाडीतले खोबरेल, परसातल्या रातांब्याच्या बियांचे कोकमतेल, आजीने जपून ठेवलेले करंजेल. ‘डॉक्टर, हे लावले तर चालेल ना?’ असा प्रश्न दवाखान्यात रोज येतो. माझे उत्तर बहुतेक वेळा ‘जरूर लावा’ असेच असते. पण तेल काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्या कातडीच्या वरच्या थरात थोडे पाणी आणि थोडी चरबी असते. साबण, खारे पाणी, मासळीबरोबर येणारा बर्फ यांमुळे ही चरबी निघून जाते. मग पाणी उडते, कातडी ताठरते आणि तिला भेगा पडतात. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून कोरड्या अंगाला तेल चोळण्यापेक्षा आंघोळ झाल्यावर, अंग किंचित ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. कमी तेलात जास्त गुण येतो.

या कामाला खोबरेल उत्तम. त्यातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्ल नावाच्या स्निग्ध आम्लाचा असतो. ते हलके असल्याने अंगात लवकर जिरते. पायांच्या भेगांना मात्र कोकमतेलाला तोड नाही. बिया कुटून पाण्यात उकळल्या की वर येणारी चरबी हाताने वळून तिचे गोळे करतात. ही चरबी साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणून टाचेवर ती खोबरेलासारखी ओघळत नाही, टिकून राहते. रात्री पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बुडवावेत, टिपून घ्यावेत, कोकमतेल पातळ करून भेगांत भरावे आणि जुने सुती मोजे घालून झोपावे. आठ-दहा दिवसांत फरक दिसू लागतो.

आता तेल कुठे लावू नये ते पाहू. घामोळ्यांवर तेल नको, घामाची छिद्रे आणखी बंद होतात. पाठीवर-मानेवर उठणाऱ्या शिब्यांवर नको, त्या बुरशीला तेलकटपणा मानवतो. गजकर्ण आणि खरूज तेलाने बरे होत नाहीत, फक्त खाज जराशी निवते आणि दिवस वाया जातात. खरूज असेल तर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. गजकर्णावर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलमाची ट्यूब आणणे तर तेलापेक्षाही वाईट. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, मग गजकर्ण दुप्पट पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली आहे.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?’ हाही एक गोड गैरसमज. बिब्बा झाडाचाच असतो, पण त्याच्या तेलाने अंग कसे फुलते ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. काजूच्या टरफलाचा चीक त्याच जातीचा. कडुनिंबाचे तेल लहान मुलाला कधीही पाजू नये, त्यातून झटके येऊन जिवावर बेतू शकते. तान्ह्या बाळाला खोबरेलाने हलके मालिश जरूर करा, पण नाका-कानात तेल घालू नका. नाकातले तेल फुप्फुसात उतरते. कोणतेही नवे तेल किंवा उटणे आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

हे सगळे लिहायला बसलो ते एका रुग्णामुळे. कोळीवाड्यातली एक बाई नातवाच्या खोकल्यासाठी आली होती. तिच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा दिसला. ‘ताई, हा केव्हापासून?’ ‘झालं की वरीस. करंजेल लावतंय. दुखत नाय, खाजत नाय, मंग तुमच्याकडं कशाला येऊ?’ तिला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श केला. आजूबाजूला केला की ती बरोबर बोट ठेवी, चट्ट्यावर केला की गप्प. तो कुष्ठरोग होता. दुखत नाही म्हणून ती आली नव्हती, आणि न दुखणे हेच त्याचे लक्षण!

गंमत अशी, की एके काळी या रोगावर तेलच औषध होते. कोकणात व सह्याद्रीत वाढणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल, सुश्रुताचे तुवरक तेल, शेकडो वर्षे वापरले गेले. १९४०च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि ते मागे पडले. १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचार मिळू लागला. सहा किंवा बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवन १९५१ पासून या रुग्णांसाठी उभे आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दहा हजारांत एकाखाली आले, पण रोग संपलेला नाही. आपल्या जिल्ह्यातही नवे रुग्ण सापडतात.

हा रोग आनुवंशिक नाही आणि शंभरातील सुमारे पंच्याण्णव जणांना निसर्गतःच त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असते. औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच जाते. म्हणून रुग्णाचे ताट-पाणी वेगळे करण्याचे कारण नाही. भीती आहे ती उशिराची. नस एकदा मेली की बोटे वाकतात, जखमा होतात, आणि ते नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही.

त्या बाईने विचारले, ‘मंग तेल फेकून देऊ काय?’ मी म्हटले, मुळीच नाही. ज्यांचे हात-पाय कुष्ठरोगाने बधिर झाले आहेत, त्यांनी रोज पाय साध्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून वर खोबरेल लावावे. तेल गरम करू नये, चटका कळत नाही. तेल लावताना तळव्यावर जखम, काटा, फोड आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

तेव्हा वाचकहो, आज तेल लावाल तेव्हा अंगावर एक नजर टाका. पाठ घरातल्या माणसाला पाहू द्या. फिकट वा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर बाटली बाजूला ठेवून आरोग्य केंद्राची वाट धरा.