जुनी डिझेल पिकअप आणि मागचा ट्रेलर



हंगाम तोंडावर आला की बेणे, खताची पोती, पाण्याचे इंजिन, सरकीची ढेप अशा लहान खेपा सुरू होतात. बंडीला तेवढी सवड नसते आणि प्रत्येक खेपेला ट्रॅक्टर जुंपणे परवडत नाही. म्हणून जुनी डिझेल पिकअप घ्यावी, मागे छोटा ट्रेलर लावावा, असा विचार भातकुलीकडच्या कास्तकाराच्या मनात येतो. विचार वाईट नाही. पण उसाने भरलेली मोठी ट्रॉली ओढणे हे पिकअपचे काम नव्हे, ते ट्रॅक्टरचेच. ट्रॅक्टरचे गिअर सावकाश चालीसाठी असतात. पिकअपला तेच ओझे लावले तर पांदणीतून निघता निघता क्लच जळतो.

गाडी पाहायला सकाळी जावे, इंजिन थंड असताना. आधी बॉनेटला हात लावावा. मालक “जरा गरम करून ठेवली भाऊ” म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. काळा धूर नोझल, पंप किंवा नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो, त्याला इलाज आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, किंमत त्या मानाने पाडून मागा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत असावे, अशा गाडीचा नाद सोडा. क्लचसाठी सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि पायडल हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो. घुरघुरत चालूच राहिले तर तो घसरतो आहे.

मग गाडीखाली शिरा, कपडे मळले तर मळू द्या. ओढ मागे बसते. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि मागच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगची ठिगळे किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर त्या गाडीने आधीच जास्त ओढलेले आहे.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे आणि भातकुली, दर्यापूरकडच्या विहिरींचे पाणी जिभेला कळते. हे पाणी रेडिएटरला चालत नाही. तापले की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर थर धरतात, उष्णता बाहेर पडत नाही. त्यात ट्रेलर ओढताना गाडी सावकाश चालते, वारा कमी लागतो, इंजिनाला मात्र जोर जास्त. मग हेड गॅस्केट जाते, कधी हेडच वाकते, आणि स्वस्तात घेतलेली गाडी महाग पडते. म्हणून घेतानाच, गाडी थंड असताना, झाकण उघडून पाहा. पाणी गंजासारखे तांबडे असेल, पाइपाच्या जोडावर पांढरी खपली असेल, तर गाडी खाऱ्या पाण्यावर चालली आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल तर बोलणेच नको. घरी आणल्यावर रेडिएटर धुऊन घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच भरा. बोअरच्या पाण्याने चेसिस धुण्याची सवयही सोडा, गंज तिथूनच लागतो. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू अन् उसाचे पाचट अडकते, तेही दर आठवड्याला काढावे.

गाडी किती जुनी घ्यावी, हा प्रश्न नेहमी निघतो. जुन्या साध्या पंपाचे इंजिन गावातला मिस्तरी खोलू शकतो. कॉमन रेल इंजिन कमी पिते, पण बिघडले की कॉम्प्युटर लावावा लागतो. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. माझ्या मते, ज्याच्या घराजवळ चांगला मिस्तरी आहे त्याने जुनी घ्यावी, नाही तर अमरावती-बडनेऱ्याच्या खेपा मोजाव्या लागतील. कोणतीही घेतली तरी डिझेल फिल्टरमधले पाणी वेळेवर सोडा. धुळीत ओढकाम असेल तर ऑइल पुस्तकात दिलेल्या अंतराच्या आधीच बदला.

ट्रेलरचे वजन थोडे पुढच्या बाजूला ठेवा. मागे जास्त झाले की तो रस्त्यावर झुलतो आणि पिकअपलाही ओढत नेतो. हुकाला खिळीसोबत साखळी हवीच. रात्री मागे लाल दिवा अन् रिफ्लेक्टर नसलेला ट्रेलर म्हणजे मोटारसायकलवाल्याचा काळ, राजेहो! मनाने हुक वेल्ड करू नका. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडीत फेरफार करायला कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि ट्रेलरचीही स्वतंत्र नोंद लागते.

कागदांत ढिलाई नको. नाव बदलण्यापूर्वी अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आर.सी. वर नाव असलेल्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. म्हणजे विकणाराही धोक्यात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला मागा, फिटनेसची तारीख पाहा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यावरच उरलेले पैसे मोजा.