जुन्या मोटारीचे सेंट्रल लॉक : दोष एका दारात की चारही दारांत?

गोव्यातून गाणगापूरला निघालेली जुनी मोटार बेळगाव, विजयपूर, अफजलपूर असा पल्ला ओलांडून भीमा-अमरजा संगमापाशी उभी राहते, तेव्हा बहुधा दुपार झालेली असते. चालक आपल्या दारावरची लॉकची खुंटी दाबतो. एरवी चारही दारांतून एकदम उमटणारा आवाज या वेळी तीनच दारांतून येतो किंवा मुळीच येत नाही. देवदर्शनाच्या घाईत त्याकडे दुर्लक्ष होते आणि परतीच्या वाटेवर, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला किंवा बीदरच्या किल्ल्यापाशी, मागचे एखादे दार आतूनही उघडेनासे होते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. कलबुर्गी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान पहिल्या १० मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी वाढू शकते, आणि लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या मानाने कितीतरी लवकर तापते. जुन्या मोटारींपैकी अनेकींत खुंटी खाली असताना आतली मूठ ओढूनही दार उघडत नाही. खुंटी आधी वर घ्यावी लागते. दारातील मोटर अडकून बसली तर खुंटी हातानेही हलत नाही. त्यात मागच्या दाराच्या कडेला असलेला ‘चाइल्ड लॉक’चा खटका चालू असेल, तर आत बसलेल्याला ते दार उघडण्याचा मार्गच उरत नाही.

दोष शोधण्यापूर्वी यंत्रणेची रचना ध्यानी घ्यावी. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या मोटारींत सेंट्रल लॉक मुळात नव्हते. मालकांनी ते पुढे बाजारातील संच आणून बसवून घेतले. इंडिका, सँट्रो यांच्या वरच्या श्रेणीतील काही मोटारींत ते कारखान्यातूनच येत असे. तत्त्व दोन्हीकडे एकच. प्रत्येक दारात एक छोटी मोटर असते. ती प्लॅस्टिकच्या दात्यांच्या साहाय्याने एक सळई पुढे-मागे सरकवते आणि त्या सळईने कुलूप लागते वा उघडते. डॅशबोर्डखाली बसवलेली नियंत्रक पेटी मोटरला १२ व्होल्टचा क्षणभराचा, सेकंदापेक्षाही कमी वेळाचा झटका देते. कुलूप लावताना विजेची दिशा एक असते, उघडताना तीच उलटी होते. चालकाच्या दारातील मोटर मात्र या सर्वांची पुढारी: तिच्यात मोटरखेरीज एक स्विचही असतो, आणि बाकीच्या दारांनी काय करायचे हे तोच पेटीला कळवतो. म्हणूनच बाजारातील बहुतेक संचांत चालकाच्या दाराकडे पाच तारा जातात आणि इतर दारांकडे दोनच.

यावरून पहिला प्रश्न आपोआप ठरतो. बिघाड एका दारात आहे की सगळ्या? हा प्रश्न न विचारता थेट नवी मोटर बसवणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे बहुधा वाया घालवतो.

चारही दारे गप्प असतील तर दारे उघडण्यात अर्थ नाही. प्रथम फ्यूज पाहावा. तो जळला असेल तर लिहिलेल्या क्षमतेचाच बसवावा. १५ ॲम्पिअरच्या जागी ३० चा बसवणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे पुढच्या बिघाडात फ्यूजऐवजी तार जळू देणे होय. फ्यूज शाबूत असेल तर बॅटरी तपासावी. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती अशक्त असेल तर पेटीतून नुसती टकटक ऐकू येते आणि खुंट्या अर्ध्यावर थांबतात. त्यानंतर पेटीची अर्थिंगची तार, आणि मग चालकाच्या दारातील स्विच. कुलूप लागून लगेच आपोआप उघडते, ही तक्रार बहुधा याच स्विचची असते: सळई पूर्ण अंतर सरकत नाही, त्यामुळे पेटीला उलटसुलट आज्ञा मिळते. सळईचा स्क्रू सैल करून ती किंचित सरकवली की ही तक्रार पुष्कळदा विनाखर्च मिटते. केवळ रिमोट चालत नसेल आणि किल्लीने सारे सुरळीत होत असेल, तर रिमोटमधील नाण्याएवढा सेल बदलून पाहावा.

एकच दार रुसले असेल तर कान लावून ऐकावे. मोटर गुणगुणते पण खुंटी हलत नाही, तर आतले दाते झिजले आहेत किंवा सळईची प्लॅस्टिकची क्लिप तुटली आहे. आवाजच नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा मोटर जळली आहे. दाराचे पॅड काढून मोटरच्या दोन तारांना टेस्ट लॅम्प जोडावा आणि दुसऱ्याला लॉक दाबायला सांगावे. दिवा क्षणभर लुकलुकला तर वीज येते आहे, दोष मोटरचा. येथे डिजिटल मीटरपेक्षा साधा दिवा विश्वासू. इतका अल्पकाळ टिकणारा झटका मीटरच्या आकड्यांतून सहज निसटतो.

दिवा लागलाच नाही तर संशय दार आणि खांब यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर घ्यावा. दार उघडले-मिटले की तिच्यातील तारा वाकतात, आणि वर्षानुवर्षांच्या हालचालीने तार आवरणाच्या आतच तुटते. दार विशिष्ट कोनात असतानाच लॉक चालत असेल तर हा दोष जवळजवळ निश्चित. तुटलेली टोके पिळून वर टेप गुंडाळणे फार दिवस टिकत नाही. नवा तुकडा सोल्डर करून जोडावा आणि सांधा वाकणाऱ्या भागात न ठेवता दाराच्या किंवा खांबाच्या आत घ्यावा.

मात्र मोटर बदलण्यापूर्वी तिची सळई सोडवून कुलूप हाताने हलवून पाहावे. ते जड चालत असेल तर नवी मोटरही काही दिवसांत थकेल. या भागात असे होण्यास भूमीच कारण आहे. बीदरचे पठार गोव्यासारखेच लाल जांभ्याचे, पण कलबुर्गीकडे काळी माती आणि चुनखडीचा प्रदेश लागतो. घरोघरी दिसणारी शहाबादी फरशी इथलीच. ही बारीक धूळ दाराच्या फटीतून कुलपात शिरते आणि कोरड्या उष्णतेत घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसते. गोव्याची मोटार तर आधीच पावसाने आणि खाऱ्या हवेने पिडलेली असते; तिच्या तारांच्या टोकांवर हिरवट गंज धरलेला असतो. अशा कुलपात इंजिन ऑइल ओतण्याचा सर्रास उपाय सर्वांत वाईट, कारण तेल आणि धूळ यांचा चिखलच होतो. जुने ग्रीस स्प्रेने धुऊन काढावे, पुसावे आणि पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा.

प्रवासात दुरुस्ती शक्य नसेल तर अडकलेल्या मोटरची सळई सोडवून ठेवावी. ते दार मग बटणाने बंद होणार नाही, पण हाताने नक्की उघडेल, आणि तूर्त तेच महत्त्वाचे. निघण्यापूर्वी प्रत्येक आसनावर बसून आतून दार उघडते का ते पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. मूल आत अडकलेच तर मेकॅनिकची वाट पाहू नये. ११२ ला कळवावे आणि मुलापासून दूरच्या बाजूच्या खिडकीची काच कोपऱ्यात टणक वस्तूने फोडावी. पुढची काच फोडण्यात वेळ घालवू नये. ती दोन थरांची असल्याने सहजी मोकळी होत नाही.

दाराचे पॅड परत बसवताना त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवावा. बऱ्याच गॅरेजांत तो फाडून फेकला जातो. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात त्याची उणीव जाणवत नाही. मोटार गोव्यात परतल्यावर जूनच्या पहिल्या पावसात मात्र दारातून झिरपलेले पाणी पायाखाली साचते.