सोहराच्या धबधब्यांकडे जाताना : एका सहलीचे ऋतुचर्येनुसार नियोजन



काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात आम्ही दहा वैद्य मेघालयातील सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, येथे गेलो होतो. धबधबा पाहावयाचा तर तो भर पावसात, एवढाच विचार त्यामागे होता. नोहकालिकाईसमोर आम्ही तीन तास उभे राहिलो. समोर केवळ पांढरे धुके होते आणि खालून पाण्याचा गंभीर घोष ऐकू येत होता. धबधब्याचे दर्शन मात्र घडले नाही.

दुसऱ्या दिवशी तिरना गावाहून नोंगरियाट येथील दुमजली जिवंत मुळांचा पूल पाहण्यास निघालो. वाट तीन हजारांहून अधिक पायऱ्यांची. आमच्या समवेत त्रेसष्ट वर्षांचे एक ज्येष्ठ सहकारी होते. रक्तदाबाची गोळी त्यांना नित्य चालू होती. सकाळी ते म्हणाले, "अहो, पायऱ्याच तर आहेत." आम्ही मान डोलावली. उतरताना काही जाणवले नाही. चढताना मात्र त्यांची छाती आवळून आली, अंगास दरदरून घाम फुटला. दोन खासी तरुणांनी त्यांना आळीपाळीने पाठीवर घेऊन रात्री उशिरा रस्त्यापर्यंत आणले. पुढे हृद्रोगाचे निदान झाले. योग्य उपचारांनी ते आज बरे आहेत, ही ईश्वराची कृपा.

तेच सहकारी त्या अवस्थेत आमच्या चिकित्सालयात रुग्ण म्हणून आले असते, तर आम्ही त्यांना वर्षा ऋतूत डोंगर चढण्याची अनुमती दिली असती काय? चरकाचार्यांनी 'तस्याशितीय' अध्यायात वर्षा ऋतूसाठी व्यायाम आणि नदीजल दोन्ही वर्ज्य सांगितले आहेत. हा अध्याय आम्ही रुग्णांना नित्य समजावून सांगतो. स्वतःच्या सहलीचे बेत आखताना मात्र त्याचे स्मरण राहिले नाही. यास प्रज्ञापराध यावाचून दुसरे नाव नाही. आता पुन्हा तेथेच जाण्याचे ठरत असताना केलेले नियोजन वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऋतुनिश्चिती

बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे बांगलादेशाच्या सपाट प्रदेशावरून येऊन खासी टेकड्यांच्या उभ्या कड्यावर आदळतात. त्यामुळे सोहरा आणि मौसिनराम येथे वर्षाला सरासरी सुमारे ११,००० ते १२,००० मिलिमीटर पाऊस पडतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत सोहरा येथे २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बारा महिन्यांतील पावसाचा तो जागतिक उच्चांक आहे. या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या दिवसांत कडे धुक्यात दडलेले असतात आणि दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. उलट पौष-माघात सोहराच्या ग्रामस्थांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते आणि कित्येक धबधब्यांची केवळ ओली रेघ उरते.

म्हणून शरद ऋतू हाच योग्य काल होय, असे आमचे मत आहे. ईशान्येकडून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यास परततो. आकाश निरभ्र होते आणि प्रवाहांत पाणीही असते. ज्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो, त्या वर्षी दसरा ते कोजागरी हे दिवस घ्यावेत. दसरा लवकर आल्यास धन्वंतरी जयंती आणि भाऊबीज उरकून निघावे. त्यामुळे चिकित्सालय बंद ठेवण्याची अडचणही फारशी येत नाही.

शरदातील जलास शास्त्राने 'हंसोदक' म्हणून गौरविले आहे. तथापि तेथील झऱ्यांचे पाणी आज उकळल्यावाचून पिऊ नये. शुंठीसिद्ध जल सोबत बाळगणे उत्तम.

देश आणि बल

सोहरा हा अनूप देश आहे. मराठवाडा किंवा नगर-सोलापूरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी तेथे पोहोचताच श्रमाचे काम करू नये. पहिले दोन दिवस शिलाँगला घालवावेत. गुवाहाटीपर्यंत विमान अथवा रेल्वे मिळते. शिलाँगला रेल्वे नाही, त्यामुळे तेथून सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास मोटारीनेच करावा लागतो. शिलाँगहून सोहरा साधारण ५५ किलोमीटर आहे.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे वचन सर्वांना पाठ आहे. पायऱ्यांच्या वाटेवर मात्र त्यात एक फसगत आहे. उतरताना श्वास लागत नाही, त्यामुळे शक्ती शिल्लक आहे असा भ्रम होतो. खरी परीक्षा परतीच्या चढणीची. म्हणून नोंगरियाटला जाणाऱ्यांनी तेथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात चढावे. मुखाने श्वास सुरू झाला, कपाळ, नाक व काखेत घाम आला की थांबावे. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. ज्यांना हे झेपणारे नाही, त्यांनी मौलिनाँगजवळील रिवाई येथील पूल पाहावा. तेथे थोड्याच पायऱ्या आहेत. हे दोन्ही पूल रबराच्या वडाच्या जिवंत मुळांना वळण देऊन खासी लोकांनी घडविलेले आहेत.

वाटेत जळवा लागतातच. त्या रानजळवा असून आपल्या जलौकावचरणाच्या कामाच्या नव्हेत. त्या ओढून काढू नयेत. सैंधव व हळद लावावी. पायथ्याच्या गावांत मलेरियाचा धोका असल्याने मच्छरदाणी अवश्य न्यावी. परतल्यावर ज्वर आल्यास तो सामान्य ज्वर समजून घरीच औषध घेऊ नये. मलेरिया आणि स्क्रब टायफस या दोहोंसाठी रक्त तपासून घ्यावे.

काय पाहावे

नोहकालिकाईची उंची सुमारे ३४० मीटर. अपत्यशोकाने कड्यावरून उडी घेतलेल्या का लिकाई या मातेच्या लोककथेवरून त्याला हे नाव पडले. प्रेक्षणस्थळापर्यंत मोटार जाते. सकाळी लवकर जावे. दुपारनंतर ढग चढू लागतात. मौस्माईजवळील नोंगस्थियांग, म्हणजे 'सात बहिणी', हा पावसावर अवलंबून असल्याने प्रथम तोच पाहून घ्यावा. जैंतिया टेकड्यांतील क्रांग सुरी येथील निळसर डोह शरदातच शोभतो.

औषधालयाच्या चालकांसाठी या प्रवासाचे आणखी एक प्रयोजन आहे. सोहराच्या दक्षिण उतारांवर पिंपळी आणि तमालपत्र पिकते. वीस वर्षे सितोपलादी चूर्ण देणाऱ्या आम्हांस वेलीवरची पिंपळी प्रथम तेथेच दिसली, हे सांगताना संकोच वाटतो. पूर्ण वाढलेली परंतु न पिकलेली हिरवी कणसे खुडून उन्हात सुकवितात. त्याच प्रदेशात पिंपळीच्या जवळची एक दुसरी जातही होते आणि तीही पिंपळी म्हणूनच विकली जाते. यास्तव केवळ नमुना आणावा आणि त्याची परीक्षा झाल्यावरच मागणी नोंदवावी. जैंतिया टेकड्यांतील लाकाडाँग हळदीत कुर्कुमिनचे प्रमाण सुमारे सात टक्के असते. सामान्य हळदीहून ते पुष्कळच अधिक आहे.

शिलाँगजवळ मावडियांगडियांग येथे केंद्र शासनाची ईशान्य आयुर्वेद व होमिओपॅथी संस्था आहे. पूर्वसूचना देऊन तिला भेट द्यावी. तसेच शिलाँगपासून सुमारे २५ किलोमीटरवरील मौफ्लांगची देवराई चुकवू नये. तेथून पानसुद्धा बाहेर नेण्यास मनाई आहे. वनस्पती दिसली की वैद्याचा हात आपोआप पुढे होतो. तेथे तो आवरावा आणि डोळ्यांनीच अभ्यास करावा. आपल्याकडील देवरायांचे नियम ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

या वेळच्या सहलीत आमचे ते ज्येष्ठ सहकारीही येणार आहेत. त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञांची लेखी अनुमती घेतली आहे. नोंगरियाटचा बेत त्यांच्यासाठी नाही आणि त्यांच्या सोबतीस आम्हीही वरच थांबणार आहोत. नोहकालिकाईच्या समोर मोटारीतून उतरून त्यांनी तो एकदा डोळे भरून पाहावा, एवढीच आमची इच्छा आहे. कोजागरीचे दूध मुक्कामी घेऊ. त्यात घालावयाचे केशर त्यांनी आतापासूनच काढून ठेवले आहे.