होडीला वाचवायचं, पण नेमकं कशापासून?

समजा, थेरगावच्या बोट क्लबकडचं पवनेचं पाणी बघून तुम्ही घरीच प्लायवूडची छोटी होडी केलीत. आता तिला लावायचं काय? कोणी इपॉक्सी सुचवेल, कोणी ऑइल पेंट, तर कोणी कोकणातलं माशाचं तेल. पण थांबा. उपाय निवडण्याआधी विचारा: होडी खराब कशामुळे होते?

समुद्रात मोठा शत्रू म्हणजे टेरेडो. हा शिंपल्यांचा भाऊबंद लाकूड पोखरतो, पण त्याला खारं पाणी लागतं. पवनेत धोका बुरशीचा. तिला ओलावाही हवा आणि हवाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांवर बराच काळ राहिला, की कुजण्याची भीती. त्यामुळे बाहेरच्या नदीपेक्षा आतल्या कोपऱ्यात साचलेलं पावसाचं पाणी जास्त घातक ठरतं.

कारण कळलं की उपाय सुचतो. इपॉक्सीचे तीन हात ओलावा अडवतात. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सीच खराब होतं, म्हणून त्यावर पेंट किंवा यूव्ही रोखणारं व्हार्निश. प्लायच्या कापलेल्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, तिथे हात आखडता घेऊ नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. नाहीतर पेंट धरत नाही. हातमोजे घालाच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

हे तत्त्व मोठ्या बोटीतही चालतं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’चा गाभा लाकडाचा, वर ग्लास फायबर आणि इपॉक्सी. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. एकाच प्लायचे सारख्या मापाचे तुकडे घ्या: एक कोरा, एक सगळीकडून इपॉक्सी लावलेला, एक फक्त कडा उघड्या ठेवलेला. प्रत्येकाचे तीन-तीन करा, म्हणजे एखादा तुकडा वेगळा वागला तर कळेल. वजन करून पाण्यात बुडवा, दर आठवड्याला पुसून पुन्हा वजन करा, आलेख काढा. कोरा तुकडा तुमचा कंट्रोल. त्याच्याशिवाय ‘इपॉक्सीने फरक पडला’ हे वाक्य नुसतं मत आहे.

पीएच.डी.चा विषय निवडतानाही हाच क्रम ठेवा: आधी कारण, मग उपाय, मग कंट्रोल. होडीत चूक झाली तर प्लाय जाईल. संशोधनात वर्षं जातात.