लेकरांचा पैरा

मार्च महिन्यात तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा शेडवर गेलो होतो. सौद्याची, पावसाची बोलणी झाली, चहा झाला, आणि मग घरधन्यानं खरा विषय काढला.

"साहेब, आमची थोरली अकरावीला हाय. एका संस्थेतनं जूनपास्नं दीड महिना ग्रीस देशात धाडायचं म्हणत्यात. तिथल्या एका घरात ऱ्हायाचं, त्येंच्यातलंच होऊन. तुमी शिकलेलं माणूस, काय करावं सांगा."

पलीकडं आजी बेदाणा निवडत बसली होती. ती वर न बघताच म्हणाली, "लोकाच्या घरात वयात आलेली पोर ठिवायची? आन् त्येंनी नीट न्हाई बघितलं मग?"

मुलगी रॅकच्या खांबाला टेकून उभी होती. बोलली काहीच नाही, पण सगळं ध्यान आमच्याकडं.

आजीचा प्रश्न खोटा नाही. सातारा-सांगलीकडची मुलंही आता अशा योजनांची माहिती विचारू लागली आहेत, म्हणून त्या दिवशी शेडवर जे बोललो ते तुमच्याही कानावर घालतो.

आधी ही देवाणघेवाण म्हणजे काय ते पाहा. आपल्याकडं पैरा करतात. तुमचे बैल माझ्या शिवारात, माझे तुमच्या. मध्ये पैसा येत नाही, पण घेतलेला दिवस फेडावा लागतो. हा लेकरांचा पैरा आहे. रोटरीची युवक देवाणघेवाण अशीच चालते. साधारण 15 ते 19 वयाची मुलं, काही आठवड्यांसाठी किंवा शाळेच्या पुऱ्या वर्षासाठी. आई-बाप रोटरीचे सभासद असलेच पाहिजेत असं नाही. जेवणखाण आणि राहणं यजमान घराकडं, आणि त्याचा मोबदला त्या घराला मिळत नाही. विमानाचं तिकीट, विमा, पासपोर्ट, व्हिसा हे आपल्याकडं. म्हणून यजमान कुटुंबाला द्यायचे आहेत असं सांगून कुणी मोठी रक्कम मागू लागला, तर तिथंच उठा. देश कोणता मिळेल हे त्या वर्षी कोणाशी अदलाबदल ठरते त्यावर आहे. वर्षभराचं जाणं असेल तर बारावीचं काय, हे कॉलेजात आधी विचारून घ्या. परत आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आता आजीचा प्रश्न. परक्याच्या छपराखाली राहून शिकणं आपल्या मुलखाला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा खेड्यापाड्यातल्या आयांनी आपली पोरं अशीच काळजावर दगड ठेवून धाडली. साऱ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीला बसली. दाणागोटा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना घास घातला. त्या मुलांच्या आयांनाही आधी हेच वाटलं असणार.

आणि समुद्रापलीकडची गोष्ट हवी असेल तर तिचा धागा शेजारच्या कोल्हापुरातच निघतो. 1878 साली गोपाळराव जोशी तिथं टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचं म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या नजरेला पडलं. दाताच्या डॉक्टरकडं नंबर येईपर्यंत त्या ते मासिक चाळत होत्या म्हणून. मग पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्यांचं वय अठरा, बरोबर घरचं कोणी नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि पहिले महिने मावशींच्या घरीच राहिल्या. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती, पण क्षयानं गाठलं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीसही पुरी नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेला मावशींकडं गेली आणि मावशींनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. परक्या घरानं नीट बघितलं का, याला याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

पण दोन गोष्टी त्यातून घ्या. निघण्याआधी दोघींची काही वर्षं पत्रं चालली होती. आज फोनवर तोंड दिसतं, तेव्हा यजमान घराशी दोन-तीन महिने आधीपासून बोला. मुलीनं एकटीनं नव्हे, आईनं, आजीनंही. भाषा येत नसली तरी माणूस कळतं. दुसरं म्हणजे थंडी आणि खाण्याची आबाळ आनंदीबाईंच्या प्रकृतीला सोसली नव्हती. तेव्हा आपलं लेकरू काय खातं, काय खात नाही, हे भिडेखातर लपवू नका.

ग्रीसच्या घरात तर आपल्या द्राक्षवाल्यांना ओळखीचं पुष्कळ सापडेल. बारीक काळ्या बेदाण्याला इंग्रजीत करंट म्हणतात, तो शब्दच कोरिंथ या ग्रीक शहरावरून आलेला. तिकडं द्राक्षं ऑगस्टात उतरतात आणि कित्येक ठिकाणी उघड्या उन्हात, खळ्यावर पसरून वाळवतात. आपण शेडमध्ये रॅकवर, सावलीला वाळवतो. अवकाळी पावसाची धास्ती मात्र दोन्हीकडं सारखीच. औषधाच्या डब्यावर तुम्ही रॅलीज हे नाव वाचता, ते घराणंही मूळचं ग्रीसमधल्या खिओस बेटावरचं.

माळकऱ्याच्या पोरीनं उपाशी राहायचं कारण नाही. मसुरीचं पातळ कालवण, हरभरे, दही, भाज्या हे तिथलं रोजचं खाणं आहे. ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपवासाचा काळ असतो. पाळणारे लोक मांस, अंडी, दूध सगळं सोडतात, म्हणून बिनमांसाचे पदार्थ घरोघरी येतात. द्राक्षाच्या कोवळ्या पानात भात गुंडाळूनही खातात. (हे वाचून कोणी आपल्या बागेतली पानं तोडू नका. आपल्या फवारण्या आपल्यालाच माहीत.) दुपारचं जेवण दोन-तीनला, मग घराघरात शांतता, आणि रात्रीचं नऊ-दहाला. आठला निजणाऱ्या घरातल्या मुलीला हेच जड जाईल.

भाषेची एक गंमत सांगून ठेवतो. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. ताट पुढं आलं आणि पोरगी आपल्या सवयीनं 'ने, ने' म्हणाली, तर ताट जायचं नाही, आणखी वाढतील. नको असेल तर 'ओही' म्हणायचं. आणि परका व पाहुणा या दोघांना त्या भाषेत जुना शब्द एकच आहे, 'झेनोस'.

पाहुणचार आठवडाभर. पुढं आपलं अंथरूण आपण घालायचं, ताट धुवायचं, बाहेर जाताना विचारून जायचं. घरात जी मुलगी कामाला हात लावत नाही, ती तिकडं जाऊन एकदम लावील अशी आशा धरू नका.

कागदाचं थोडक्यात. अठराच्या आतल्या मुलाला आई-बाप दोघांची संमती लागते. नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी निदान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा. नाव आणि जन्मतारीख सगळ्या दाखल्यांवर सारखी आहे का, हे आधी बघा. आपल्याकडं बहुतेकांचं तिथंच अडतं.

हे सगळं ऐकल्यावर मालक खर्चाचा हिशेब मांडू लागले. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवायचा की आत्ताच सौद्याला काढायचा, यावर दोघा भावांचं जुंपलं. मी उठलो, चपला घातल्या. तेवढ्यात आजीनं हाक मारली.

"सायेब, पैरा म्हणला न्हवं तुमी? मग त्येंचीबी पोरगी आपल्याकडं येनार?"

"येईल की. दिवाळीत म्हणा, उन्हाळ्यात म्हणा."

आजीनं मुलीकडं बघितलं. "तिला आपलं तिखट चालंल का गं? इचार की फोनवर."