बंदी लागली की पहिल्याच आठवड्यात पिकअपचं गिअर ऑईल बदला



१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारी बंदीचे. या दिवसांत आपण होड्या वर घेतो, जाळी शिवतो, इंजिनाची कामं काढतो. पण मालीम, शापोरा जेटीवरून मासळी बाजारात पोचवणारी पिकअप मात्र अंगणात पावसात उभी असते. तिची आठवण होते थेट जुलैच्या शेवटी. मग गॅरेजवर रांग लागते, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीला गिअर अडकतो नाही तर मागून घरघर ऐकू येते. होडी भरून आली आणि गाडी बंद, तर बर्फ वितळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणून आमचं सांगणं एकच. गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑईल बदलायचं असेल तर ते बंदी सुरू होताच बदला, संपताना नको. कारण साधं आहे. ऑईलमध्ये खारं पाणी गेलेलं असेल तर ते दोन महिने उभ्या गाडीत बेअरिंगला गंज लावत बसतं. गाडी चालू असते तेव्हा ऑईल सगळीकडे उडत राहतं, उभी राहिली की पाणी खाली साचतं.

पाणी आत जातं कुठून?

आपली गाडी इतरांच्या गाडीसारखी नाही. क्रेटमधलं खारट बर्फाचं पाणी दिवसभर खाली गळतं. काही जण होडी ओढायला गाडी वाळूवर, चाकं पाण्यात जाईपर्यंत मागे घेतात. बाजारातून धावून आलेलं डिफरन्शियल तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. ते एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या ऑईल सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर म्हणजे मागच्या ॲक्सलवर असलेली छोटी टोपी किंवा नळी. ती मातीने बुजली असेल तर सील लवकर गळायला लागतं. गाडी पाण्यात नेण्याआधी थोडा वेळ उभी ठेवा आणि घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, एवढं जरी केलं तरी पुष्कळ झालं.

काम घरी कसं करायचं?

बोलेरो पिकअप, दोस्त अशा साध्या गिअरच्या गाड्यांचं हे काम घरच्या घरी होतं.

१. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. खाऱ्या हवेने ते धरलेले असतात. बरोबर मापाचाच पाना किंवा ॲलन की घ्या. नटाची कड गेली की काम दुप्पट.

२. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. कोमट ऑईल चांगलं उतरतं, गाळही बरोबर येतो. फार तापलं असेल तर थोडं थांबा, हात भाजेल.

३. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर लावा. इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ओंडके. बहुतेक पिकअप उंच असतात, जॅक लागतच नाही. लागलाच तर गाडी लोखंडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचं नाही. पावसाने भिजलेल्या मातीत जॅक खचतो. आणि घरात कोणीतरी असतानाच काम करा.

४. आधी वरचा, ऑईल भरायचा नट उघडा. मगच खालचा. खालून ऑईल सोडून दिलं आणि वरचा नट सुटलाच नाही, तर गाडी गॅरेजपर्यंतही नेता येणार नाही.

५. खाली टब ठेवून ऑईल पूर्ण उतरू द्या. किती निघालं ते मोजा. वरचं भोक उघडं असताना पावसाचा थेंब आत जाता कामा नये.

६. खालचा नट पुसून, नवीन वॉशर लावून घट्ट करा. पान्यावर उभं राहून आवळू नका, आटे जातात.

७. नवीन ऑईल वरच्या भोकातून हातपंपाने किंवा नरसाळ्याला लांब नळी लावून भरा. बहुतेक गाड्यांत भोकाच्या कडेपर्यंत येऊन बाहेर ओघळायला लागलं की पातळी बरोबर. गाडी एका बाजूला कललेली असेल तर ही पातळी खोटी येते.

जुनं ऑईल काय सांगतं?

जुनं ऑईल पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात बघा. काळसर तपकिरी असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. अशा वेळी नवीन ऑईल भरून गाडी थोडी चालवा, ते पुन्हा उतरवा आणि परत ताजं भरा. सोबत सील आणि ब्रीदरही बघून घ्या, नाहीतर पुन्हा तेच. नटाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे. पण बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय फेरीला काढू नका.

कुठलं ऑईल?

शेजाऱ्याच्या गाडीत घातलं तेच आपल्या गाडीत, असं करू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेच घ्या. डब्यावर ८०डब्ल्यू-९० सारखा जाडीचा आकडा असतो आणि जीएल-४ किंवा जीएल-५ असा दर्जा असतो. डिफरन्शियलला सहसा जीएल-५ लागतं. पण गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ सांगितलं असेल तर तेच घाला. आतल्या पितळी रिंगांना जीएल-५ चं प्रत्येक ऑईल मानवत नाही.

व्ही-क्रॉस, हायलक्ससारखी ऑटोमॅटिक गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिचं ऑईल पातळ असतं, बहुधा लाल. पण नुसता रंग बघून घेऊ नका, कंपनीने सांगितलेला प्रकारच हवा. नट उघडल्यावर सगळं ऑईल निघतही नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. पातळी बहुतेक वेळा इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानाला बघावी लागते. चालू गाडीखाली घरी शिरण्यापेक्षा हे काम जाणकाराकडे द्या, आणि काय घातलं ते समोर उभं राहून बघा. मागचं डिफरन्शियल मात्र याही गाडीचं वर सांगितल्याप्रमाणेच.

जुनं ऑईल ओतायचं कुठे?

गटारात नको, खाडीत नको, माडाच्या मुळाशीही नको. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारकाकडेच जायला हवं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि जुनं ऑईल रीतसर जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. खाडीत सोडलेला तवंग आपल्याच तिसऱ्या आणि खुबे जिथे वाढतात तिथे जाऊन बसतो.

शेवटचं एक. काम झाल्यावर तारीख, किलोमीटर आणि ऑईलचं नाव वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघा, थेंब पडलाय का. आणि बंदीत आठवड्यातून एकदा तरी गाडी गल्लीबाहेर फिरवून आणा.

ज्यांच्या घरी हातपंप किंवा लोखंडी स्टँड आहेत त्यांनी शेजारच्या सभासदाला वापरायला द्यावेत, ही विनंती.