बालेवाडीला मालक हवा, पण कसा?

मैदानामागचा व्यवहार : लेखांक ७

फुटबॉलच्या चाहत्याला नवा मालक हवा असतो, तेव्हा त्याला नक्की काय हवं असतं? पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजाराच्या कडेला चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं. पुढच्या फळीत एक तगडा परदेशी स्ट्रायकर, मधल्या फळीत खेळ हातात ठेवणारा एखादा ब्राझीलचा किंवा स्पेनचा गडी आणि दोन्ही बगलांना मिझोराम-मणिपूरची चपळ पोरं. नावं बदलतात, यादी तीच राहते. गेल्या आठवड्यात आपण खेळाडूंच्या बदल्यांचे नियम पाहिले. आज एक पायरी मागे जायचंय: ही यादी ज्याच्या हातात द्यायची, त्या मालकाकडे.

या बाबतीत पुण्याने जितकं सोसलंय, तितकं देशातल्या क्वचितच एखाद्या शहराने सोसलं असेल. २००९ ते २०१९ या काळात देशाच्या वरच्या पातळीवर पुण्याचे चार क्लब खेळले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी, डीएसके समूहाचा डीएसके शिवाजियन्स आणि वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी. आज त्यातला एकही नाही. प्रत्येकाच्या मागे नावाजलेलं उद्योगघराणं होतं, प्रत्येकाने चांगले खेळाडू आणले आणि प्रत्येकाने निरोप घेतला तेव्हा चाहत्यांना कुणी विचारलं नाही.

यातला पुणे एफसी माझ्या मते सगळ्यात नीट बांधलेला क्लब होता. आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमधल्या आपल्या पहिल्याच, २००९-१०च्या हंगामात तो तिसरा आला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला आणि २०१४ मध्ये एएफसी कपात आशियातल्या क्लबांशी खेळला. डेरिक परेरा हे प्रशिक्षक बरीच वर्षं संघासोबत राहिले. खेळाडू निवडतानाही नुसत्या मोठ्या नावामागे धावणं नव्हतं. मूळचा जपानचा अराता इझुमी २००९ मध्ये इथे आला, इथेच रुळला, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये भारताच्या जर्सीत मैदानात उतरला. क्लबची अकादमीही होती. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथे घडला आणि पुढे भारताकडून खेळला. एवढं सगळं असूनही २०१५ मध्ये पिरामल समूहाने हात काढून घेतला. त्याच वर्षी भारत एफसीही बाहेर पडला, अवघा एक हंगाम खेळून आणि तोही तळाला राहून. त्यांची जागा घेणारा डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम टिकला. लिव्हरपूलच्या नावाने त्यांनी चालवलेल्या अकादमीतून लालियनझुआला छांगटे आला, जो आज मुंबई सिटीचा आणि भारताचा खेळाडू म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तो पुण्यात घडला, हे मात्र पुण्यातल्याच कितीतरी पोरांना ठाऊक नसतं.

राहिला एफसी पुणे सिटी. मार्केट यार्ड, बिबवेवाडी, गुलटेकडीच्या माझ्या पिढीतल्या पोरांना खरा लळा लागला तो याच संघाचा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा मालकांत वाधवान समूह होता, हृतिक रोशन होता आणि इटलीच्या फिओरेंटिनाचं नाव सोबत होतं. पुढे अर्जुन कपूरही आला. पहिल्या वर्षी डाव्हिड त्रेझेगे आला. १९९८चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला खेळाडू, ज्याच्या गोलने २०००चा युरो कप फ्रान्सला मिळाला होता. तो पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर खेळतोय हे डोळ्यांनी पाहूनही खरं वाटत नव्हतं. दुसऱ्या वर्षी रुमानियाचा एड्रियन मुटू आणि प्रशिक्षक म्हणून डेव्हिड प्लॅट. तरी पहिले तिन्ही हंगाम संघ सहाव्या-सातव्या जागेच्या वर सरकला नाही. नामवंत खेळाडू कारकिर्दीच्या अखेरीस यायचे, तिकिटं खपायची, गुण मात्र मिळायचे नाहीत.

२०१५च्या जुलैत मुंबईत भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. यार्डातल्या माणसाला लिलाव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, म्हणून त्या दिवशी इथे चर्चा रंगली होती. मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं आणि पुण्याने युजीनसन लिंगडोला १ कोटी ५ लाखांना. पण बोली किती लागली यापेक्षा पैसे चुकते होतात का, हा प्रश्न मोठा असतो. पुरंदरचा अंजीरवाला किंवा जुन्नरचा भाजीवाला गाडी भरताना अडत्याचा भाव विचारतो, पण त्याआधी त्याची पत विचारतो. पट्टी वेळेवर हातात पडते का? वाईट वर्षी हा गाळ्यात असतो की गाळा बंद करून जातो? आम्ही चाहत्यांनी मालकाबद्दल हे कधी विचारलंच नाही. आम्ही भाव विचारत राहिलो.

२०१७-१८चा हंगाम आठवला की अजून ऊर भरून येतो. रांको पोपोविच प्रशिक्षक होते. आदल्या हंगामात दिल्लीकडून १० गोल करून गोल्डन बूट जिंकलेला मार्सेलिन्यो आणि नॉर्थईस्टकडून खेळलेला एमिलियानो अल्फारो हे दोघे एकत्र आले. ही खरी खेळाडूभरती होती: लीगमध्ये आधी कस लागलेले, पळण्याची भूक शिल्लक असलेले, एकमेकांना पूरक खेळाडू. संघ चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखलं. तिकडे छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही हरलो.

त्या सामन्यांना जाणं सोपं नव्हतं. मार्केट यार्ड शहराच्या दक्षिणेला, बालेवाडी पार वायव्येच्या टोकाला. स्वारगेट, डेक्कन, विद्यापीठ चौक, बाणेर असं अख्खं शहर ओलांडायचं. सामना संपायला रात्रीचे दहा वाजायचे, तेव्हा परतीची बस मिळेलच याचा भरवसा नसे. फळ-भाजी विभागात काम करणाऱ्या पोरांची कामाची वेळ तर मध्यरात्रीनंतर सुरू होते. केशरी जर्सी घालून, घसा बसेपर्यंत ओरडून ती थेट गाड्या उतरवायला जायची. ऑरेंज आर्मी या चाहत्यांच्या गटाच्या ढोलांच्या आवाजात अशी कितीतरी पोरं होती आणि क्लबच्या कुठल्याही ताळेबंदात त्यांची नोंद नव्हती.

पुढे जे झालं त्याची मुळं फुटबॉलमध्ये नव्हतीच. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी डबघाईला आली आणि गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांना बाजारातून पैसा मिळेनासा झाला. वाधवान कुटुंबाची डीएचएफएल त्यात सापडली. २०१९च्या जूनमध्ये तिची देणी थकली, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. मधल्या काळात क्लब गेला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कळलं की पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली आहे. आदिल खान, निखिल पुजारी, साहिल पनवार, कमलजित सिंग, मार्सेलिन्यो असे बरेच खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राउन तिकडे गेले. बालेवाडीत उरल्या त्या रिकाम्या खुर्च्या.

आता त्यातला व्यवहार समजून घेऊ, कारण नवा मालक हवा म्हणताना आपण नेमकं काय मागतोय ते यावरच ठरतं. आयएसएलमधल्या क्लबकडे मुख्यतः खेळण्याचा हक्क असतो. तो मिळवायला आणि टिकवायला तेव्हा मालक दरवर्षी कोट्यवधी रुपये लीगला देत असे. दुसरी गोष्ट खेळाडूंचे करार, जे ठरावीक मुदतीचे असतात आणि सहज हलवता येतात. तिसरी मैदान. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारने उभारलं, क्लब तिथे भाडेकरू. चौथी अकादमी, जी चालवली तर चालते. आणि नाव, रंग, गाणी, चाहते यांची किंमत करारात कुठेच नसते. म्हणून मालक बदलला की विकत घेता येणारं तेवढं नव्या गावी जातं आणि बाकी सगळं आहे तिथेच राहतं.

त्या हक्काचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. हैदराबादने २०२२ मध्ये मनोलो मार्केझ यांच्या हाताखाली आयएसएल जिंकली. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला अनिकेत जाधव होता. दोन वर्षांच्या आत खेळाडूंची देणी थकली, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, परदेशी खेळाडू निघून गेले आणि संघ तळाला गेला. २०२४ मध्ये जिंदाल समूह मालक झाला, २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला. पुण्यात सुरू झालेली एक जागा तिसऱ्या शहरात पोहोचली.

याउलट मुंबईत २०१९च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यांनी आधी प्रशिक्षक ठरवला: गोव्यातून सर्जिओ लोबेरा. मग त्याच्या खेळाला साजेसे, त्याच्या ओळखीचे खेळाडू: ह्यूगो बुमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई. पुढच्याच हंगामात लीगची ढाल आणि चषक दोन्ही मुंबईत आले. नवा मालक आल्यावर काय होऊ शकतं, याचं इतकं चोख उदाहरण भारतात दुसरं मला दिसत नाही. पण २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा पंधरा वर्षांचा करार संपत आला, जुलैत हंगामच लांबणीवर पडला, नव्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही आणि डिसेंबरमध्ये हा समूह मुंबईतून निघून गेला. पैसा होता, जाणकारी होती, यशही होतं. ज्या लीगमध्ये खेळायचं तिचाच उद्या दिसेना, तेव्हा तेही थांबले नाहीत. मुंबईकरांना हे नवं नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये असाच बंद झाला होता.

मग मालकच नको का? कोल्हापूरकर म्हणेल, आम्हाला कुठे आहे? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे. वर्गणी, देणगीदार, मंडळाची माणसं यांवर ते चालतात. शाहू स्टेडियम गच्च भरतं आणि हंगामासाठी बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणले जातात. पाटाकडील तालीम उद्या दुसऱ्या शहरात गेली अशी कल्पनाही कुणी करू शकत नाही. मात्र तालमीचा संघ देशाच्या वरच्या लीगपर्यंत पोहोचवायचा, तर खर्चाची झेप फार मोठी आहे.

जर्मनीने यावर मधला मार्ग काढला. तिथे मोजके अपवाद सोडले तर क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त राहावं लागतं. गुंतवणूकदार पैसा घालतो, पण गाव बदलायचं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला आणि अगदी खालच्या लीगपासून खेळायला सुरुवात केली. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये तो प्लाउ लेनला, आपल्या जुन्या भागात, स्वतःच्या मैदानावर परतला.

पुण्यालाही आता खालून चढण्याची वाट आहे. राज्यातून आय-लीग ३, मग आय-लीग २, मग आय-लीग (ही २०२५पर्यंतची नावं), आणि तिथला विजेता आयएसएलमध्ये. २०२३ मध्ये पंजाबचा आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगचा संघ आय-लीग जिंकून असाच वर गेला. ही वाट लांब आहे, पण तिच्यात क्लब मालकाच्या आधी गावाचा होतो.

म्हणून पुण्यात उद्या कुणी उद्योगपती किंवा अभिनेता संघ घेऊन आला, तर त्याचं स्वागत मी मनापासून करीन आणि यादीच्या आधी काही गोष्टी मागीन. किमान एका हंगामाच्या पगाराएवढी बँक हमी. बालेवाडीचा दीर्घ मुदतीचा करार, शिवाय सामन्याच्या रात्री स्वारगेटपर्यंत जादा बस. कात्रजच्या भुयारी मेट्रोवर मार्केट यार्डचं स्थानक मंजूर झालंय, पण ते होईपर्यंत पोरांनी घरी कसं जायचं? नाव आणि शहर बदलण्याविरुद्ध सभासद चाहत्यांना नकाराचा हक्क. आणि अकादमी क्लबच्या कंपनीपासून वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे. या शेवटच्या मागणीमागे रोख कारण आहे. खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून परदेशी क्लबकडे गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. घडवणारा क्लबच उरला नसेल, तर तो वाटा राष्ट्रीय महासंघाकडे जातो. अकादमी वेगळी, नोंदणीकृत आणि चालू असेल, तर मालक गेल्यावरही तो पैसा पुण्याच्याच मैदानावर येईल आणि पुढच्या चौदा वर्षांच्या पोराचे बूट त्यातून घेता येतील.

पुढच्या लेखांकात : क्लब परवाना म्हणजे काय आणि तो कुणाला नाकारला जातो.